वायरमनच्या पेटीतील ओळंबा
(मंडळाच्या तानसा येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 अशा प्रसंगी उभे राहणाऱ्या वक्त्याने धर्म, शिक्षण, ऐक्य किंवा ज्ञातीचा उत्कर्ष यांपैकी एखादा भारदस्त विषय निवडावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी निवडलेला विषय साधा, किंबहुना काहींना क्षुल्लक वाटेल असा आहे. घरगुती विजेचे काम स्वतःच्या हिमतीवर नुकतेच सुरू करणाऱ्या तरुणाने आपल्या पेटीत कोणती हत्यारे ठेवावीत, आणि त्यांतले पहिले कोणते असावे, हा तो विषय होय.

हा विषय निवडण्यास कारण आहे. शहापूर व मुरबाड येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम पुरे करून आपल्या समाजातील अनेक मुले, आणि आनंदाची गोष्ट अशी की काही मुलीही, बाहेर पडतात. त्यांतील काहींना कारखान्यांत जागा मिळते. उरलेले गावात परत येतात आणि आटगाव, खर्डी, तानसा, किन्हवली, टोकावडे अशा ठिकाणी घरोघरची कामे धरतात. असा एखादा मुलगा माझ्या ओटीवर येऊन बसतो आणि विचारतो, “काका, पहिल्या पैशांतून ड्रिल मशीन कोणते घेऊ?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, त्याचे उत्तर एकदाच सर्वांच्या समक्ष द्यावे असे मला वाटले.

आपण सुतार. वीज आणि आपण यांचा संबंध काय, असे एखादा विचारील. पण तो संबंध पुरातन नसला तरी चांगलाच जुना आहे. आपल्या भागातील घरांत वीज शिरली ती लाकडाच्या अंगावरून. सागवानाच्या सपाट पट्ट्या भिंतीवर ठोकावयाच्या, त्यांवर पितळी क्लिपा मारावयाच्या आणि त्या क्लिपांत रबरी आवरणाची तार दाबून बसवावयाची, अशी त्या काळची पद्धत होती. दिव्याच्या होल्डरखाली लाकडी गोल ठोकळा असे, बटणांखाली लाकडी बोर्ड असे, आणि भिंतीत ठोकलेली गिट्टीसुद्धा लाकडाचीच असे. ही सर्व कामे सुताराच्या हातची. तार ओढणारा वायरमन पुढे, तर पट्टी ओळंब्यात बसविणारा सुतार त्याच्या शेजारी, अशी जोडी जुन्या मंडळींनी पाहिली आहे. पुढे लाकडी पट्टीच्या जागी प्लॅस्टिकची केसिंग पट्टी आली, त्यानंतर तारा भिंतीच्या पोटातील नळ्यांतून जाऊ लागल्या आणि लाकूड या कामातून निघून गेले. सुताराचा मुलगा मात्र त्या कामात राहिला. वडिलांच्या हातातील पट्टी सोडून त्याने तार हाती घेतली, एवढाच काय तो फरक.

म्हणून मी आपल्या पेटीपासूनच आरंभ करतो. आपल्या वाडवडिलांची पेटी आठवा. तीत करवत होती, वाकस होता, पटाशा होत्या, रंधा होता, सामता होता. ही सारी कापणारी, तासणारी, भोके पाडणारी हत्यारे. पण त्याच पेटीत गुण्या होता, पाणसळ होती आणि सुताला लोंबणारा ओळंबा होता. हा ओळंबा काही कापीत नाही, काही तासत नाही. दिवसभरात चार वेळाही बाहेर निघत नाही. तथापि दाराची चौकट उभी करताना अनुभवी सुतार आपल्या डोळ्यावर भरवसा ठेवीत नाही, तो ओळंब्याला विचारतो. कारण डोळा आपला असतो, आपल्या मनासारखे सांगतो, आणि ओळंबा कोणाचाच नसतो. ज्या हत्याराने काम होते ते दुसरे, आणि काम खरे की खोटे हे ज्याने कळते ते पहिले, हा आपल्या पेटीचा धर्म आहे. विजेच्या कामात तर तो शतपटीने खरा ठरतो. तिरपी चौकट पुन्हा उभी करता येते. जिवंत तारेला मेलेली समजून हात लावणाऱ्यास बहुधा दुसरी संधी मिळत नाही.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या उमेदीच्या वर्षांतील एक प्रसंग येथे सांगणे मला भाग आहे. आषाढाचा महिना होता, आठ दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. खर्डीच्या बाजूस एका घरी पूजा होती आणि माजघरातील दिवा लागत नव्हता. घरात पाहुणे, पंखे चाललेले, स्वयंपाकघरात मिक्सर चाललेला. “मेन तेवढा बंद करू नका हो,” असे घरच्यांनी सांगितले आणि मी ते मानले. दिव्याचे बटण बंद केले. कोरड्या सागवानी घडवंचीवर चढलो, होल्डर उघडला आणि खिशातील टेस्टर लावून पाहिला. कौलांतील काचेतून भर दुपारचा उजेड डोळ्यांवर येत होता. टेस्टर पेटलेला मला दिसला नाही. तार मेलेली आहे असे समजून मी पकडीने तिचे टोक धरले आणि तोल सावरण्यासाठी डावा हात भिंतीवर टेकला. भिंत पावसाने ओली होती आणि पकडीच्या मुठीचे आवरण फाटलेले होते. पुढचे मला आठवते ते एवढेच की, मी जमिनीवर पडलो होतो, उजव्या हाताचे हाड मोडले होते आणि पूजेला आलेली माणसे भोवती जमली होती. घडवंचीवरून पडलो म्हणून तार सुटली, आणि तार सुटली म्हणून आज आपणासमोर उभा आहे.

पुढे हात गळ्यात बांधून घरी बसलो असता चूक कोठे झाली याचा मी शांतपणे विचार केला. त्या घरात बटण फेजच्या तारेत न बसविता न्यूट्रलच्या तारेत बसविलेले होते. त्यामुळे बटण बंद केल्यावर दिवा विझत असे, पण होल्डरमधील वीज जागच्या जागी राही. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट टेस्टरची. टेस्टरमधील निऑनचा दिवा पेटतो तो आपल्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहामुळे. मी उभा होतो कोरड्या लाकडावर. तो मार्ग जवळजवळ तुटला, दिवा अगदी मंद पेटला असावा आणि भर उजेडात तो मला दिसला नाही. ज्या क्षणी हात ओल्या भिंतीला लागला त्या क्षणी विजेला मार्ग मिळाला. टेस्टर खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याला जेवढे सांगता येते तेवढेच त्याने सांगितले. अधिक मी माझ्या पदरचे समजून घेतले. तेव्हापासून मी एकच नियम पाळीत आलो आहे, आणि तोच आज तरुणांच्या पदरात टाकीत आहे: टेस्टर पेटला तर वीज आहे असे निश्चित समजावे, टेस्टर पेटला नाही तर वीज नाही असे कदापि समजू नये.

आता पेटीकडे वळू. तिचे मी तीन कप्पे करतो. पहिला कप्पा सांगणाऱ्या हत्यारांचा, दुसरा राखणाऱ्या हत्यारांचा आणि तिसरा करणाऱ्या हत्यारांचा. पैसा थोडा असेल तर तो याच क्रमाने खर्च करावा.

पहिल्या कप्प्यात टेस्टर असावाच, पण तो एकटा नसावा. त्याच्या जोडीस दोन लांब, चांगल्या आवरणाच्या तारा लावलेला परीक्षेचा दिवा असावा. तो दोन तारांमध्ये धरला की वीज खरोखर काम करण्याजोगी आहे की नाही हे तो पेटून सांगतो. तिसरा मल्टिमीटर. फार महागडा नको, पण रस्त्यावरच्या पाटीतला अगदी हलकाही नको. घराच्या बोर्डावर वापरण्यास योग्य अशी त्याची श्रेणी त्यावर छापलेली असते, ती ‘कॅट तीन, ६०० व्होल्ट’ अशी तरी असावी. आपल्याकडील घरात फेज आणि न्यूट्रल यांमध्ये सुमारे २३० व्होल्ट मिळावेत, फेज आणि अर्थिंग यांमध्येही जवळजवळ तितकेच मिळावेत, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांमध्ये फार तर चार-दोन व्होल्ट असावेत. ही तीन मापे घेण्यास एक मिनिट लागते आणि घराचे अर्धे आरोग्य त्यांत कळते. फेज व अर्थिंग यांमध्ये काहीच मिळाले नाही, तर भिंतीतले तिसरे भोक नुसते शोभेचे आहे असे समजावे.

या मापनाची एक रीत आहे आणि ती कधीही मोडू नये. मीटर किंवा परीक्षेचा दिवा प्रथम जेथे वीज निश्चित आहे अशा ठिकाणी लावून तो चालतो याची खात्री करावी. मग ज्या तारेवर काम करावयाचे तिची परीक्षा करावी. त्यानंतर पुन्हा जिवंत ठिकाणी लावून तो मधल्या वेळेत बिघडला नाही हे पाहावे. ओळंबा लावण्यापूर्वी सूत तुटलेले नाही ना, हे आपण पाहतोच, तसेच हे.

चौथे साधन सिरीज बोर्ड. एक मोठा दिवा आणि एक सॉकेट एका पाठोपाठ एक जोडून लाकडी फळीवर बसविले की हे साधन होते, आणि सुताराच्या मुलास ते घरी करता येते. दुरुस्तीस आलेली इस्त्री किंवा पंखा एकदम मुख्य विजेस न लावता या बोर्डास लावावा. आतून तार तुटली असेल तर दिवा लागत नाही. आत दोन तारा चिकटल्या असतील तर दिवा पूर्ण प्रकाशाने लागतो. वस्तू ठीक असेल तर बहुधा मंद लागतो. फ्यूज उडत नाही, गिऱ्हाइकासमोर फजिती होत नाही.

पाचवे साधन मेगर. तारेचे आवरण आतून किती शाबूत आहे हे ते ५०० व्होल्टचा दाब देऊन मोजते. मापन करताना मेन बंद असावा, आणि दिवे, टीव्ही, इन्व्हर्टर अशा नाजूक वस्तू आधी सोडवून ठेवाव्यात. घराच्या तारांचे हे माप एक मेगओमहून कमी येता कामा नये. पावसाळ्यात आपल्या भागातील जुन्या घरांत ते कमी येते, आणि भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात त्याचे मूळ बहुधा येथेच सापडते. मेगर महाग असतो, पहिल्याच वर्षी प्रत्येकास तो घेणे परवडणार नाही. त्याविषयी मंडळास एक विनंती करावयाची आहे, ती शेवटी करीन.

दुसरा कप्पा राखणाऱ्या हत्यारांचा. त्यांतील पहिले हत्यार फुकट मिळते: मेन बंद करून चिनी मातीची फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालण्याची सवय. जेथे फ्यूजऐवजी एमसीबी असेल तेथे तिला लावण्याचे लहान कुलूप मिळते. ते लावावे आणि किल्ली आपल्याजवळ ठेवावी. “मी सांगेपर्यंत कोणी चालू करू नका” असे ओरडून सांगणे पुरेसे नाही; शाळेतून आलेले मूल ते ऐकायला घरात नव्हते. आजकाल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही काही तारांत वीज राहते. २०२४ सालापासून सूर्यघर योजनेतून छपरांवर सौर पट्टे बसू लागले आहेत. ऊन आहे तोवर त्यांच्या तारा जिवंतच असतात, मेन काहीही सांगो.

पकडी आणि पेचकस एक हजार व्होल्टपर्यंत तपासलेले असे खूण पाहून घ्यावेत. त्यांवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट हा आकडा असतो. साध्या पकडीच्या मुठीवर चढविलेली रंगीत प्लॅस्टिकची टोपी म्हणजे हे संरक्षण नव्हे. माझा हात त्या टोपीने मोडला आहे. मुठीला चीर गेली की पकड बदलावी, चिकटपट्टी गुंडाळून तिचे आयुष्य वाढवू नये. पायांत रबरी तळव्याचे बूट असावेत, चपला नसाव्यात. शिडी कोरड्या बांबूची किंवा फायबरची असावी. ॲल्युमिनियमची शिडी हलकी खरी, पण ती स्वतःच विजेची वाट आहे. डोक्याला बांधण्याची बॅटरी असावी, कारण मेन बंद केल्यावर अंधार होणार, आणि अंधाराच्या भीतीनेच पुष्कळ जण मेन बंद करीत नाहीत. भोके पाडताना डोळ्यांवर चष्मा असावा.

तिसरा कप्पा करणाऱ्या हत्यारांचा. येथे आपल्या मुलांस एक मोठी अनुकूलता आहे, ती अशी की निम्मी हत्यारे घरच्या पेटीतच सापडतात. हातोडी, पटाशी, छिन्नी, लोखंड कापण्याची करवत, मोजपट्टी, पाणसळ, ओळंबा, आखणीचे सूत ही घरची. विकत घ्यावयाची ती अशी: मोठी पक्कड, लांब चोचीची पक्कड, तार तोडण्याचा कटर, आवरण सोलण्याचा स्ट्रिपर, लहानमोठे सपाट व चौफुलीचे पेचकस, तारेच्या टोकास लग दाबून बसविण्याचे क्रिंपिंग हत्यार, आणि नळीतून तारा ओढण्यासाठी लांब लवचिक पोलादी तार. स्ट्रिपरविषयी एक शब्द सांगतो. दातांनी किंवा पकडीने आवरण ओढून काढताना तांब्याचे दोन-चार बारीक केस तुटतात. जेथे केस तुटले तेथे तार बारीक झाली. जेथे तार बारीक झाली किंवा स्क्रू सैल राहिला तेथे ती तापते. आणि लाकडी तुळयांच्या घरात तापलेल्या जोडापासून काय होते ते सुतारास सांगावयास नको.

ड्रिल मशीन याच कप्प्यात शेवटी येते. ते वाईट नाही, उपयोगाचेच आहे. पण ज्याच्याजवळ मल्टिमीटर नाही त्याच्या हाती ड्रिल मशीन म्हणजे ओळंबा नसलेल्या सुताराच्या हाती करवत. पहिले सहा महिने ते दिवसाच्या भाड्याने आणावे, हातात काम टिकू लागले म्हणजे विकत घ्यावे.

आता पैशाची बाजू. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत सुतारकाम आहे, आणि पात्र कारागिरास हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. विजेचे काम मात्र त्या अठरांत नाही. म्हणून जो अद्याप हाताने सुतारकाम करतो त्याने त्याचा लाभ अवश्य घ्यावा. ज्याने तार धरली आहे त्याने सुतार म्हणून खोटी नोंद करून तो घेऊ नये. त्याच्यासाठी २०१५ साली सुरू झालेली मुद्रा योजना आहे. तीत ‘शिशु’ या गटात पन्नास हजार रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. पण माझा सल्ला विचाराल तर, पहिल्या दोन कप्प्यांपुरतेच पैसे काढावेत. ऋण काढून सण करू नये, तसे ऋण काढून दिखाऊ हत्यारांचे दुकानही मांडू नये.

आणखी एक हत्यार आहे, ते पेटीत नव्हे तर खिशात असते. ते म्हणजे परवाना. १९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमापासून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ सालच्या सुरक्षा विनियमांपर्यंत कायद्याचे सांगणे एकच आहे: दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणे यांसारखी किरकोळ कामे वगळता, विजेची मांडणी परवानाधारक ठेकेदारामार्फत, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याकडूनच झाली पाहिजे. अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र म्हणजे हा परवाना नव्हे. प्रमाणपत्र मिळाल्यावर तारतंत्र्याचा परवाना काढावा, आणि ठेकेदाराचा परवाना हाती येईपर्यंत नव्या घरांची कामे एखाद्या परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली, त्याच्या चाचणी अहवालासह करावीत. यात कमीपणा नाही. आपले वाडवडीलही मिस्त्रीच्या हाताखाली वर्षे काढूनच मिस्त्री झाले.

याच्याच जोडीला एक मर्यादा सांगतो. मीटरच्या अलीकडचे घर आपले. मीटर, त्याचे सील आणि खांब हे महावितरणचे. गावात वीज गेली की लोक घरच्या मुलाला हौसेने म्हणतात, “अरे, तू शिकलेला आहेस ना, चढ खांबावर आणि जोड.” ही हौस जिवावर बेतते. मुख्य वाहिनी कोणी कोठून चालू करील याचा नेम नसतो. खांबावर चढू नये, सील तोडू नये, आकडा टाकण्यास हातभार लावू नये. २००३ सालच्या विद्युत कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली वीजचोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि मामा म्हणो, आत्या म्हणो, नाही म्हणावयास शिकणे हेही एक हत्यारच आहे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. तो केवळ वायरमनसाठी नाही, येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबासाठी आहे.

आपण तानशाच्या परिसरात राहतो. येथले दगडी धरण १८९२ साली पुरे झाले, आणि तेव्हापासून येथले पाणी नळांनी मुंबईला जात आहे. त्या मोठ्या नळांना कोठे गळती लागली तर जमीन ओली होते, गवत हिरवे होते, वाटसरूलाही ते दिसते. विजेची गळती मात्र दिसत नाही. ती पत्र्यात उतरते, मोटारीच्या अंगात उतरते, कपडे वाळत घालण्याच्या तारेत उतरते आणि कोणी हात लावण्याची वाट पाहते. ती किती अल्प असते याची कल्पना करा. देवघरात रात्रभर लावतात तो ‘झिरो’चा जुना दिवा. नाव शून्याचे, पण तो बारा ते पंधरा वॅट घेतो. म्हणजे सुमारे ५० ते ६५ मिलिअँपिअर प्रवाह. एवढाच प्रवाह माणसाच्या छातीतून एखाददुसरा सेकंद गेला तर हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो. आणि आपण ज्या एमसीबीवर विसंबून झोपतो ती सोळा अँपिअरची असते. तिच्या लेखी हा प्रवाह म्हणजे काहीच नव्हे. ती तारा जळण्यापासून राखते, माणसाला राखीत नाही.

माणसाला राखणारे साधन निराळे, त्याचे नाव आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही हे ते सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचे साधन घेतले, तर तेवढी तूट पडताच ते सेकंदाच्या एका लहान अंशात वीज तोडते. त्यावर परीक्षेचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. घराला रंग द्यावा, ओटीला फरशी बसवावी, पण त्याआधी हे साधन बसवावे.

त्याच्या जोडीस अर्थिंग हवे. आपली जमीन पुष्कळ ठिकाणी मुरमाड आणि कातळाची. पावसाळ्यात तिच्यातून पाणी वाहते, आणि चैत्र-वैशाखात ती भाजल्यासारखी कोरडी होते. पावसाळ्यात तपासलेले अर्थिंग मे महिन्यात कामाचे राहीलच असे नाही. पुरेसा ओलावा राहील अशी जागा निवडावी, जस्ताचा मुलामा दिलेली नळी अडीच मीटर तरी खोल जावी, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्यातून घागरभर पाणी ओतावे. तुळशीला पाणी घालताना त्या खड्ड्यालाही घालावे, म्हणजे विसर पडणार नाही. खड्डा खणण्याचा कंटाळा करून अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडण्याची युक्ती कोणी सुचवील, तर त्यास दारातूनच परत पाठवावे. न्यूट्रल कोठेही तुटले की घरातील प्रत्येक लोखंडी वस्तूत वीज उतरेल. कपडे वाळत घालण्यास लोखंडी तार न बांधता सुताची किंवा नायलॉनची दोरी बांधावी. आणि घरी आलेल्या वायरमनने मेन बंद करतो म्हटले, तर “राहू द्या हो, पाहुणे आहेत” असे म्हणू नये. त्या एका वाक्याची किंमत मी मोजली आहे. ते वाक्य म्हणणारी माणसे वाईट नव्हती. ती चांगली, अगत्यशील माणसे होती, आणि नाही म्हणण्याचे बळ माझ्यात नव्हते.

आता मंडळास केलेली ती विनंती. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस शालेय साहित्य देतो, वधुवर मेळावा भरवितो. यंदा मंडळाने निधीतून एक मेगर आणि अर्थिंग मोजण्याचे एक यंत्र विकत घ्यावे. ती यंत्रे एका जबाबदार सभासदाकडे ठेवावीत. आपल्यातील परवानाधारक मुलामुलींनी ती वहीत नोंद करून न्यावी, काम झाले की परत आणावी. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यात एकदा, प्रत्येक सभासदाच्या घराचे माप घेऊन ते त्या वहीत लिहावे. यात नव्या मुलांच्या हातास काम मिळेल, घरे सुरक्षित होतील, आणि एकट्याला न परवडणारे हत्यार सर्वांचे होईल. शेजारी कोणत्याही ज्ञातीचा असो, त्याने मागितल्यास त्याच्याही घराचे माप घ्यावे. वीज माणसाची जात विचारीत नाही.

बंधुभगिनींनो, खंडेनवमीला आपण हत्यारे घासूनपुसून पाटावर मांडतो, त्यांना गंधफूल वाहतो. त्या पाटावर आजोबांचा ओळंबा असतो. या वर्षीपासून त्याच्या शेजारी नातवाचा मीटर ठेवावा. दोघेही एकच गोष्ट सांगतात: आपल्याला वाटते ते बाजूला ठेव, आणि खरे काय आहे ते आधी पाहा. ज्या तरुणाने हे मनावर घेतले त्याची पेटी लहान असली तरी पुरी आहे असे मी समजेन; आणि तो संध्याकाळी कामावरून धडधाकट घरी परतला, म्हणजे त्याच्या आईला माझ्या आजच्या बोलण्याचे सार न सांगताच कळेल.